‘जेवन’ लिहिणाऱ्या मुलाला नकार द्यावा का?

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन होऊन गेला की आमच्याकडे पत्रांचा आणि मेलचा ओघ येतो आणि त्यातला मोठा भाग चिडलेल्या लोकांचा असतो. कुणी फ्लेक्सवर चिडलंय, कुणी बातम्यांवर, कुणी स्वतःच्या सुनेवर. या वेळी त्यातलीच काही पत्रं घेतेय, कारण सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच आहे: चुकीचं मराठी बघितलं की डोकं फिरतं, पण त्यावरून माणसाला जोखणं बरोबर आहे का?

प्रश्न: ताई, माझ्या मुलीसाठी एक स्थळ आलंय. मुलगा मूळचा परभणी जिल्ह्यातला, इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी, बोलायला अगदी शांत आणि सरळ. घरी येऊन गेल्यावर त्याने मुलीला मेसेज केला, ‘काकूंना सांगा जेवन खूप छान होत, तुमच्याशी बोलुन आनंद भेटला.’ मुलगी म्हणते मला हे रोज वाचायला लागलं तर मी वेडी होईन. मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलंय त्यामुळे मलाही खटकलंच. पण आमचे हे म्हणतात की तुम्ही दोघी त्या मुलावर अन्याय करताय. आमच्यात यावरून चांगलाच वाद झालाय. तुम्हाला काय वाटतं? (डोंबिवली)

उत्तर: मला तुमच्या मिस्टरांचं पटतंय. तुम्हाला खटकलं यात मात्र काही वावगं नाही, इतकी वर्षं वह्या तपासल्यावर डोळ्याला ती सवय लागतेच, ती काही बटण दाबून बंद होत नाही. फक्त काय खटकलं आणि का खटकलं हे एकदा नीट बघू या, कारण त्या एका ओळीत चार गोष्टी आहेत आणि चारही वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

आधी ‘होत’. इथे ‘होतं’ हवं होतं, वरचा टिंब राहिला. आता बघा, शाळेच्या पुस्तकात हा मुलगा ‘जेवण छान होते’ असंच वाचत आला असणार. बोलतो तसं लिहायचं तर शेवटी अनुस्वार द्यायचा हे नियमात आहे, पण वर्गात त्याचा सराव कोण करून घेतं? त्यामुळे फोनवर टाईप करताना तो टिंब निम्मा महाराष्ट्र सोडून देतो, त्यात पुणं आलं आणि तुमची डोंबिवलीही आली. दुसरं ‘बोलुन’. हीसुद्धा लेखनाचीच चूक, ‘ऊन’ प्रत्यय कायम दीर्घ: करून, बोलून, जाऊन, येऊन, त्याला अपवाद नाही आणि हा नियम पाच मिनिटांत शिकवता येतो.

राहिले ‘जेवन’ आणि ‘भेटला’. मराठवाड्यात, विदर्भात आणि इतरही बऱ्याच भागांत लाखो घरांमध्ये ण च्या जागी न च बोलला जातो. आजी तसं बोलते, आई तसं बोलते, गल्लीतली पोरं तसंच बोलतात. मुलगा कानाने जे ऐकत वाढला ते त्याच्या बोटातून उतरलं. आणि ‘भेटणे’ हे क्रियापद माणसापुरतं न ठेवता वस्तूलाही वापरायचं, पुस्तक भेटलं, नोकरी भेटली, हे आता जिल्हेच्या जिल्हे करतात. प्रमाण मराठीत माणूस भेटतो आणि वस्तू मिळते हे खरंय आणि तुमची मुलगी तसंच बोलत राहू दे. पण कोट्यवधींच्या रोजच्या बोलण्यात जे सहज येतं त्याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणजे चारपैकी निव्वळ लेखनाच्या चुका दोनच, ‘होत’ आणि ‘बोलुन’, आणि त्या तर सगळीकडचे लोक करतात. आता स्वतःला विचारून बघा की तुम्हा दोघींना सगळ्यात जास्त काय टोचलं? मला खात्री आहे की ‘जेवन’ आणि ‘भेटला’च टोचलं असणार. त्याच मुलाने ‘महत्व’ किंवा ‘परिक्षा’ लिहिलं असतं तर? ‘महत्त्व’मध्ये दोन त लागतात आणि ‘परीक्षा’त री दीर्घ आहे, नियमाने बघितलं तर या दोन्ही पक्क्या चुका, पण त्यावरून स्थळ नाकारल्याचं मी कधी ऐकलं नाही. मला इतक्या वर्षांत हेच दिसत आलंय आणि याचंच मला वाईट वाटतं, की नियम मोडल्याचा राग थोडा येतो आणि बोलणारा कुठल्या घरातून, कुठल्या गावातून आला ते कळलं की राग दुप्पट होतो. आपण म्हणतो व्याकरण खटकलं, पण खटकलेला असतो त्याचा जिल्हा. आणि डोंबिवलीच्या लेडीज डब्यात रोज बायका ‘मी आली’, ‘मी गेली’ म्हणतात, प्रमाण मराठीत ते ‘मी आले’, ‘मी गेले’ असतं, पण त्या डब्यात ते कुणाला खटकत नाही कारण ती सवयीची माणसं आहेत.

हे लिहितेय म्हणून मला प्रमाणभाषा नकोय असं समजू नका. मला ती हवी आहे आणि चांगली, घोटलेली हवी आहे, कारण चंद्रपूरच्या मुलाला आणि सावंतवाडीच्या मुलीला एकच पुस्तक वाचता यायचं तर काहीतरी सामाईक लागणारच. पण ती बनली कशी ते लक्षात ठेवायला हवं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, इंग्रजी अमलात शाळा निघाल्या, क्रमिक पुस्तकं आली आणि पुण्याकडच्या शिकलेल्या घरांतली बोली हीच लिहिण्याची मराठी म्हणून रुजली. त्या घरांतल्या मुलांना ती जन्मतःच मिळाली, बाकीच्यांना शाळेत जाऊन शिकावी लागली. परभणीच्या त्या मुलाने घरची एक मराठी, पुस्तकातली दुसरी मराठी आणि वर कॉलेजचं इंग्रजी असं सगळं पार करून डिग्री घेतलीय. तुमच्या मुलीला यातली एक पायरी चढावीच लागली नाही.

तेव्हा मुलीला सांगा की मुलगा पसंत नसेल तर नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे आणि त्याचं कारण द्यायलाही ती बांधील नाही. पण ‘न’ आणि ‘ण’ हे कारण ठरवून नकार देऊ नका. त्याऐवजी तो मेसेज परत वाचा. घरी गेल्या गेल्या त्याने आधी तुमच्या स्वयंपाकाचं कौतुक कळवलंय, मग मुलीशी बोलून बरं वाटलं ते सांगितलंय. माणूस म्हणून पाहायचं ते तिथे आहे. आणि कृपा करून त्याला दुरुस्त्यांची यादी पाठवू नका! लग्न झालंच आणि त्याने स्वतःहून विचारलं तर ‘ऊन दीर्घ’ एवढं एकच सांगा.

प्रश्न: माझं वय ऐंशीच्या पुढे आहे. मी अजूनही नातेवाइकांना हाताने पत्रं लिहिते. माझी नात कॉलेजात आहे, ती माझ्या पत्रातले टिंब लाल पेनाने खोडते. मी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’, ‘घरांत’ असं लिहिते, आम्हाला शाळेत तसंच शिकवलं आणि तसं न लिहिलं तर गुण जायचे. आता माझं सगळं लिहिणं चुकीचं धरायचं का? (सांगली)

उत्तर: आजी, तुमचं काहीही चुकीचं नाही, तुम्ही तुमच्या काळच्या नियमाने अगदी बरोबर लिहिताय. महाराष्ट्र राज्य झाल्यावर साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम नव्याने ठरवले, १९६२ साली १४ नियम सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, असे एकूण १८. त्यात जे अनुस्वार उच्चारात येत नाहीत, फक्त व्युत्पत्तीमुळे दिले जात होते, ते काढून टाकले. म्हणजे ‘नाव’ लिहिणाऱ्याचे गुण जायचे त्याच शाळांमध्ये पुढे ‘नांव’ लिहिणाऱ्याचे गुण जायला लागले. नातीला हे सांगा आणि तिला म्हणावं परीक्षेत तू तुझ्या नियमाने लिही, आजीच्या पत्राला लाल पेन लावू नकोस. ती पत्रं जपून ठेवा म्हणावं, जुनी लेखनपद्धत हातातून अशी सहज उतरलेली आता फार ठिकाणी बघायला मिळणार नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका शेजाऱ्यांचं निधन झाल्याचा मेसेज आला. त्यावर एकापाठोपाठ एक सगळ्यांनी ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ असं टाकलं. मी नम्रपणे लिहिलं की योग्य शब्द ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असा आहे. तर लोक माझ्यावर तुटून पडले, दोघांनी तर मला फोन करून सुनावलं. मी एरवीही ग्रुपवर चुका दाखवत असतो, त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो. भाषेची काळजी करणं हा गुन्हा आहे का? (ठाणे)

उत्तर: काका, भाषेची काळजी करणं गुन्हा नाही, पण त्या दिवशी तुमचं चुकलं, आणि हे मी गुळमुळीत न सांगता स्पष्टच लिहितेय. ज्या घरातला माणूस गेला त्या घरातले लोक तो ग्रुप वाचत होते. त्यांना त्या क्षणी एकामागून एक येणारी नावं दिसत होती, आपला माणूस इतक्या जणांना आठवतोय एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यात मधेच तुमचा ऱ्हस्व-दीर्घाचा मेसेज आला. हेतू चांगला असला तरी तिथे तो पोचत नाही, लोकांना दिसते ती फक्त तुम्ही निवडलेली वेळ. शक्य असेल तर त्या घरी एकदा जाऊन या.

आता त्या शब्दांबद्दल. ‘पूर्ण’ हा शब्द दीर्घ आहेच. ‘श्रद्धा’मध्ये आधी द आणि मग ध, म्हणजे द ला ध जोडलेला. हीच गडबड ‘शुद्ध’, ‘प्रसिद्ध’, ‘युद्ध’, ‘सिद्धी’ या सगळ्या शब्दांत होते, लोक ध ला द जोडतात. कारण उघड आहे, जोडाक्षर एकत्र छापलं की कुठलं अक्षर आधी ते नुसतं बघून समजत नाही, आणि बोलतानाही कानाला फरक कळत नाही. हाताने लिहिताना तर कित्येकांनी ते चित्रासारखं पाठ केलेलं असतं आणि कीबोर्डवर मात्र अक्षरं एकेक करून टाईप करायला लागतात, तिथे क्रम उलटा पडतो. शिवाय एकाने टाकलेला मेसेज बाकीचे जसाच्या तसा कॉपी करतात. ग्रुपवरच्या त्या सगळ्या मेसेजमध्ये चूक बहुतेक एकाच माणसाची होती, इतरांनी फक्त ती पुढे ढकलली.

तुमच्या कामाची जागा दुसरीकडे आहे आणि ती फार मोलाची आहे. सोसायटीत गणपती, हळदीकुंकू, सर्वसाधारण सभा, पाण्याची सूचना, लिफ्टमधली पाटी हे सगळं छापलं जातं, महिनोन्महिने भिंतीवर राहतं आणि लहान मुलं येता-जाता ते वाचतात. फ्लेक्सच्या दुकानात काय होतं माहितीये ना, डिझाईन करणारा मुलगा रात्री दहा वाजता तिसरं काम उरकत असतो, मजकूर कुणीतरी मेसेजवर पाठवलेला असतो, फोटो कुणाचा मोठा आणि कुणाचा लहान यावर अर्धा तास चर्चा होते आणि मजकूर मात्र कुणीच वाचत नाही. मग ‘दिपावली’, ‘आर्शिवाद’, ‘स्वातंत्र्य दीन’ असं छापून येतं. ‘दिवाळी’ ऱ्हस्व आहे म्हणून माणूस ‘दिपावली’ही ऱ्हस्व लिहून टाकतो, ते समजू शकतं, पण ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार, तिथे अर्थच बदलतो. सेक्रेटरींना सांगा की छपाईला जाण्याआधी मजकूर मला दाखवा. चूक छापायच्या आधी काढलीत तर कुणाचं तोंड उतरत नाही आणि काम नीट होतं. ग्रुपवर मात्र कुणी विचारल्याशिवाय दुरुस्ती नको, अगदी राहवलं नाही तर त्या माणसाला एकट्याला, एकदाच, आणि तेही आनंदाच्या प्रसंगी.

प्रश्न: मी अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. मुलं ‘पानी’, ‘डोया’, ‘कोन आला’ असंच लिहितात, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नसतो. वह्या तपासल्या की पान लाल होतं. एक मुलगा तर आता लिहायलाच घाबरतो, कोरं पान देतो. पण सोडून दिलं तर पुढे पाचवीत, आठवीत त्यालाच त्रास. काय करावं ताई?

उत्तर: सर, त्या कोऱ्या पानाने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. मूल चुकीचं लिहितंय तोवर आपल्याकडे दुरुस्त करायला काहीतरी असतं. तेव्हा पहिली गोष्ट, लाल पेन काही दिवस ड्रॉवरमध्ये ठेवा आणि त्या मुलाला त्याच्या बोलीत लिहू द्या, बैलपोळ्याला काय केलं, विहिरीवर काय झालं, आजी काय म्हणाली. लिहिलेलं वर्गात मोठ्याने वाचा आणि मजकुराचं कौतुक करा.

आणि मुलांना सांगा की तुमची बोली कमअस्सल नाही. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर त्यांनी खानदेशी बोलीत ओव्या रचल्या, त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या कविता छापून आल्या. आज त्या शाळेच्या पुस्तकांत आहेत आणि जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वऱ्हाडीतल्या मुलाला हे फार लवकर कळतं, कारण ती भाषा त्याला आपल्या घरच्यासारखी वाटते.

मग दुसरी पायरी. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द अशा जोड्या मुलांकडूनच करून घ्या, पानी-पाणी, डोया-डोळा, काया-काळा. फळ्यावर दोन्ही बाजू राहू द्या, एकीवर फुली मारू नका. मुलं दोन भाषा सहज सांभाळतात, त्यांना फक्त कुठली कुठे चालते ते सांगायला लागतं, पेपरात ही आणि घरी ती. ण चा उच्चार जीभ मागे वळवून करून दाखवा, कान तयार झाला की हात आपोआप वळतो.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल थोडा दम धरा. हा भाग खरोखर अवघड आहे आणि तो मुलांना अवघड जातो यात त्यांची काही कमतरता नाही. मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, फूल, मूल, वीट, गरीब, आणि प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व, फुलाला, मुलाला, विटेला, गरिबाला. इथपर्यंत ठीक. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला बांधलेले नाहीत, म्हणून ‘गुण’, ‘विष’, ‘मधुर’ ऱ्हस्वच राहतात. म्हणजे हा नियम पाळायचा तर कुठला शब्द संस्कृतातला ते आधी माहीत हवं, आणि चौथीतल्या मुलाला ते कुठून माहीत असणार! आणि आपल्या राज्यकारभाराचे शेकडो वर्षांचे कागद ज्या मोडी लिपीत आहेत तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलाच जात नसे, वेलांटी एकच आणि उकार एकच. त्या कागदांवर वतनं दिली गेली, तह झाले, न्यायनिवाडे झाले, वाचणाऱ्याचं काही अडलं नाही. म्हणून एका वेळी एकच नियम घ्या. दोन आठवडे फक्त ‘ऊन’, करून-धरून-जाऊन, आणि वहीत तेवढंच तपासा, बाकी चुकांकडे त्या पंधरवड्यात बघायचंच नाही. मग फूल-फुलाला. गुण कापायचेच असतील तर जेवढं शिकवलं तेवढ्याचेच कापा.

आणि तो मुलगा पुन्हा लिहायला लागला की मला जरूर कळवा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. सहा वर्षांचा मुलगा ‘मी आंबा खाल्लो’, ‘मी चित्र काढलो’ असं म्हणतो. भारतातून फोनवर बोलताना नातेवाईक हसतात, मग तो इंग्रजीवर येतो. कसं सुधारायचं?

उत्तर: आधी हसणं थांबवायला सांगा, सासर असो की माहेर, स्पष्ट सांगा. तुमचा मुलगा चुकतोय ते फार हुशारीने चुकतोय. तो ‘मी आलो’, ‘मी बसलो’ ऐकतो, शिवाय ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी विसरलो’ हेही ऐकतो, आणि त्यातून त्याने स्वतःच नियम काढलाय की ‘मी’ असलं की शेवटी ‘लो’. खाणे, काढणे, बघणे, करणे यांना भूतकाळात क्रियापद कर्त्याचं सोडून कर्माचं ऐकतं, आंबा खाल्ला, चित्र काढलं, पोळी खाल्ली, आणि पिणे, शिकणे, विसरणे अशी थोडी क्रियापदं तसं करत नाहीत, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही, ते कानावर पडून पडूनच येतं. त्याने ‘मी आंबा खाल्लो’ म्हटलं की तुम्ही फक्त म्हणा, ‘अरे वा, आंबा खाल्लास? मी पण आंबा खाल्ला.’ बस, एवढंच. वाक्य थांबवायचं नाही, परत म्हणून घ्यायचं नाही.

प्रश्न: मग चिडायचंच नाही का कुणावर? बातम्यांच्या पट्टीवर रोज दहा चुका असतात, सरकारी फलकांवर असतात, जाहिरातीत ‘माझी मदत करा’ म्हणतात. सगळं समजून घ्यायचं म्हटलं तर भाषेचं काय? (कोल्हापूर)

उत्तर: चिडा की, जरूर चिडा! ज्यांना लिहिण्याचे पैसे मिळतात, ज्यांच्याकडे तपासायला माणूस ठेवण्याची ऐपत आहे आणि ज्यांचं लिहिलेलं हजारो लोक बरोबर समजून वाचतात, त्यांच्यावर चिडायलाच हवं. वर्तमानपत्र, वाहिनी, पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका, सरकारी फलक, मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती. मराठी १९६४ च्या अधिनियमाने महाराष्ट्राची राजभाषा आहे, २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि चौकातला फलक मात्र ‘क्रिडा संकूल’ म्हणतो हे मला अजिबात मान्य नाही. ‘मला मदत करा’ असं साधं मराठी वाक्य असताना हिंदी जाहिरातीचं शब्दशः भाषांतर करून ‘माझी मदत करा’ म्हणायचं, हा सरळ पैसे वाचवायचा प्रकार आहे, मराठी लिहिणारा माणूस नेमायचा नसतो म्हणून हे होतं. वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी मुद्रितशोधकांची पदं कमी केली त्याचाही हा परिणाम आहे.

फक्त चिडून घरात बोलू नका, लिहून पाठवा. फोटो काढा, तारीख आणि वेळ टाका, चुकलेला शब्द आणि त्याखाली बरोबर शब्द लिहा, पत्र चार ओळींचं ठेवा. फलक पालिकेचा असेल तर आयुक्तांना, बातमी असेल तर संपादकांना, जाहिरात असेल तर कंपनीला. उत्तर नाही आलं तर महिन्याने परत पाठवा. आणि पट्टी टाईप करणाऱ्या पोराचं नाव विचारू नका, तो एकटा रात्रपाळीत बसलेला असतो, पत्र वरच्या माणसाच्या नावानेच जाऊ दे.